रेषा कोणत्या पाण्यात आखायची?

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड किती चालेल, हे भारतीय मानक आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीने दोन आकड्यांत सांगितले आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. देगलूर, बिलोली किंवा किनवट तालुक्यातल्या एखाद्या हातपंपाचे पाणी पिण्याला योग्य की अयोग्य, हे या आकड्यांवरून ठरते. आता प्रयोगशाळेतले यंत्र फ्लोराइड मोजते असे आपण म्हणतो खरे, पण स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगाची तीव्रता मोजतो आणि इलेक्ट्रोड मिलिव्होल्ट दाखवतो. त्या रंगाचे किंवा मिलिव्होल्टचे मिलिग्रॅम करणारी रेषा माणसाने आखलेली असते. तिलाच कॅलिब्रेशन म्हणतात. यंत्र कितीही महाग असो, ही रेषा चुकली तर अहवालातला आकडा चुकतो, आणि तोही दशांशाच्या दोन घरांपर्यंत अगदी आत्मविश्वासाने चुकतो. पुढील प्रकरणांचा विषय फ्लो इंजेक्शनच्या, म्हणजे नळीतून वाहत्या द्रवात नमुना सोडून मोजण्याच्या पद्धतीच्या, साहाय्याने ही रेषा आखण्याच्या रीती हा आहे. कॅलिब्रेशन ही मोजणीपूर्वीची किरकोळ तयारी असते, हा सर्वत्र रुजलेला समज मला मान्य नाही. कॅलिब्रेशन हीच मोजणी आहे, आणि ती प्रमाण द्रावणाइतकीच प्रत्यक्ष नमुन्यालाही प्रश्न विचारून केली पाहिजे, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

हे म्हणणे नांदेड-लातूरच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. लातूर जिल्हा बेसाल्टचा, दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्या खडकातून येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने जड झालेले असते. नांदेडच्या पूर्व आणि आग्नेय भागात मात्र हा बेसाल्टचा थर विरत जातो आणि खालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस वर येतो. तो पुढे तेलंगणात सलग पसरलेला आहे. ग्रॅनाइटी भूजलात बहुधा सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, कॅल्शियम कमी, आणि फ्लोराइड वाढलेले अशी सांगड दिसते. तिच्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे जिथे कॅल्शियम भरपूर आहे तिथे फ्लोराइडला द्रावणात राहायला जागा उरत नाही, आणि कॅल्शियम कमी झाले की ते मोकळेपणी वाढते. म्हणजे फ्लोराइडचे प्रमाण बदलते तेव्हा ते एकटे बदलत नाही, सोबतचे सगळे पाणीच बदलते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या एकाच अभ्यासक्रमाखाली लातूरचा विद्यार्थी आणि देगलूरचा विद्यार्थी एकाच कृतीने, डिस्टिल्ड पाण्यात बनवलेल्या एकाच रेषेवरून, या दोन अगदी वेगळ्या पाण्यांतले फ्लोराइड वाचतात. ही रेषा दोघांनाही सारखीच लागू पडते, हे गृहीत कोणी तपासले आहे का, असा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

नेहमीची रीत सर्वांना ठाऊक आहे. पाच-सहा फ्लास्कमध्ये वाढत्या प्रमाणात प्रमाण द्रावणे करायची, प्रत्येकाचे वाचन घ्यायचे, आलेखावर रेषा ओढायची, सहसंबंध गुणांक ०.९९९ आला की समाधानाने वहीत नोंदवायचा. मला या ०.९९९ बद्दल विशेष राग आहे. प्रमाण द्रावणे नीट बनवली आणि पिपेट नीट धरले, एवढेच तो सांगतो. बोअरच्या पाण्याविषयी त्यात एक अक्षरही नसते, कारण बोअरचे पाणी त्या रेषेत आलेलेच नसते. आकड्यांत पाहू. समजा डिस्टिल्ड पाण्यात फ्लोराइडच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे रंगात ०.१० इतकी घट होते. नमुन्याचे वाचन ०.१३६ आले, तर उत्तर १.३६ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत. पण त्याच नमुन्यात मोजून फ्लोराइड टाकले आणि वाढीव प्रत्येक मिलिग्रॅममागे घट ०.१० ऐवजी ०.०८ च होते असे दिसले, तर मूळ वाचनाचा अर्थ १.७ मिलिग्रॅम होतो, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. वाचन तेच, बाटली तीच, निकाल उलटा. नमुन्यात प्रमाण द्रावण टाकून नमुन्याच्याच पाण्यात उतार काढण्याच्या या रीतीला स्टँडर्ड ॲडिशन म्हणतात. पोलॅरोग्राफीच्या संदर्भात हान्स होन यांनी ती १९३७ मध्ये मांडली. योगायोग असा की त्याच वर्षी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून भारतातल्या फ्लोरोसिसचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पद्धत आणि रोग यांची वर्णने बरोबरीने आली. रोग गावोगाव पोचला, पद्धत मात्र पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदापुढे फारशी गेली नाही.

ती का गेली नाही, याचे उत्तर आळस हे नाही. स्टँडर्ड ॲडिशन हाताने करायची तर प्रत्येक नमुन्यासाठी चार-पाच फ्लास्क लागतात. वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणीसाठी जिल्ह्याभरातून बाटल्या येतात, तेव्हा प्रत्येक बाटलीची पाच फ्लास्कांनी उलटतपासणी करणे कोणालाही परवडणारे नाही. फ्लो इंजेक्शनचे महत्त्व नेमके इथे आहे. ही पद्धत वेगवान आहे, तासाला शंभराच्या आसपास नमुने करते, असे तिचे कौतुक नेहमी होते. ते खरे आहे, पण गौण आहे. कॅलिब्रेशनचा जो प्रश्न पूर्वी परवडत नव्हता, तो या पद्धतीत जवळजवळ फुकट विचारता येतो, हे तिचे खरे देणे.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत क्लीव्हलँडचे लिओनार्ड स्केग्ज यांनी १९५७ मध्ये रक्ताचे नमुने नळीतून एकामागोमाग सोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. नमुने एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी मध्ये हवेचे बुडबुडे ठेवले. प्रत्येक नमुना पूर्ण मिसळावा, अभिक्रिया पुरी व्हावी आणि मगच वाचन घ्यावे, ही त्यामागची भूमिका होती, आणि ती शतकभराच्या प्रयोगशाळेच्या शिस्तीला धरून होती. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले यारोमीर रुझिच्का आणि एलो हॅन्सन यांनी बुडबुडे काढून टाकले आणि त्याबरोबर ती शिस्तही सोडली. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून वाहक द्रव सतत वाहतो, त्यात काही दशक मायक्रोलिटर नमुना सोडायचा, तो वाहता वाहता पसरतो, वाटेत रीएजंट मिळतो, आणि डिटेक्टरसमोर एक उंच टोक उमटून जाते. अभिक्रिया अपुरी आहे, मिसळणे अपुरे आहे. पण प्रत्येक वेळी नेमके तितकेच अपुरे आहे, कारण सोडलेले आकारमान, पसरणे आणि वेळ ही तिन्ही काटेकोर पुन्हा पुन्हा साधता येतात. समतोलाची वाट पाहण्याऐवजी वेळेच्या नेमकेपणावर विसंबायचे, हा विश्लेषणातला मोठा पालट होता. त्यांच्या सुरुवातीच्या मांडण्या लेगोच्या ठोकळ्यांवर नळ्या बसवून केलेल्या असत. आणि ही पद्धत लवकर रुजली ती ब्राझीलमधल्या पिरासिकाबा येथील कृषी अणुऊर्जा केंद्रात, माती आणि पिकांच्या नमुन्यांवर, बेर्गामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. श्रीमंत प्रयोगशाळांचा हा छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

नमुना नळीत पसरतो, त्याला डिस्पर्शन म्हणतात. मूळ तीव्रतेला त्या क्षणाच्या तीव्रतेने भागले की त्याचा गुणांक मिळतो: गुणांक २ म्हणजे नमुना निम्मा पातळ झाला, १० म्हणजे दहापट. इतर पद्धतींत हे पसरणे म्हणजे नुकसान. फ्लो इंजेक्शनने त्याचे भांडवल केले. टोकाच्या माथ्यावर गुणांक समजा ३ आहे, तर उतरत्या बाजूवर पुढच्या प्रत्येक सेकंदाला तो वाढत जातो, आणि कोणत्या सेकंदाला किती हे एकदा ठरले की दर वेळी तेच राहते. म्हणजे एकच तीव्र प्रमाण द्रावण एकदा सोडले की त्या एका टोकाच्या उतारावर सगळी पातळ द्रावणे ओळीने मिळतात. पाच फ्लास्कांचे काम नळी करते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रुझिच्का-हॅन्सन गटाने या ग्रेडियंट पद्धती पद्धतशीर मांडल्या. जिथे फ्लास्क धुण्याइतके डिस्टिल्ड पाणीही जपून वापरावे लागते, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले लातूर जिथे आहे, तिथे मायक्रोलिटरात चालणारी पद्धत ही नुसती सोय म्हणून सोडून देता येत नाही.

याहूनही सुंदर कल्पना ज्युलियन टायसन यांची आहे. नमुन्यात प्रमाण द्रावण टाकण्याऐवजी त्यांनी भूमिका उलटवल्या. बोअरचे पाणी हाच वाहक करायचा, तेच नळीतून सतत वाहू द्यायचे, आणि त्यात वेगवेगळ्या तीव्रतेची प्रमाण द्रावणे सोडायची. सोडलेले द्रावण नमुन्याहून पातळ असेल तर रेषेवर खड्डा पडतो, तीव्र असेल तर उंचवटा येतो, आणि जिथे खड्डाही नाही नि उंचवटाही नाही, तिथे नमुन्याची तीव्रता. नेहमीच्या स्टँडर्ड ॲडिशनमध्ये रेषा मागे ताणून शून्याच्या पलीकडे न्यावी लागते आणि त्या ताणण्यात चूक वाढते. इथे उत्तर दोन मोजलेल्या बिंदूंच्या मध्ये सापडते. अट एवढीच की पसरणे पुरेसे हवे, म्हणजे सोडलेल्या द्रावणाच्या मधोमधही नमुन्याचेच क्षार पोचलेले असतील. ही अट पाळली नाही तर पद्धत नावापुरती उरते.

इथवर वाचून कोणाला वाटेल की स्टँडर्ड ॲडिशन हा रामबाण आहे. तसे नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्लोराइडच्याच घरात आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने १९७० च्या दशकात पाण्यातले फ्लोराइड काढण्याचे नलगोंडा तंत्र विकसित केले. त्यात तुरटी आणि चुना घालतात. प्रक्रिया नीट झाली नाही तर पाण्यात थोडे ॲल्युमिनियम उरते, आणि ॲल्युमिनियम फ्लोराइडला घट्ट धरून ठेवते. स्पॅडन्स या रंगमापनाच्या पद्धतीत फ्लोराइड झिर्कोनियमला रंगद्रव्यापासून ओढून घेते आणि रंग फिका पडतो. ॲल्युमिनियमने आधीच पकडलेले फ्लोराइड हे करू शकत नाही. इलेक्ट्रोडलाही फक्त मोकळे फ्लोराइड कळते. परिणाम असा की जे पाणी फ्लोराइड काढण्यासाठी प्रक्रियेतून गेले, त्याच पाण्यात फ्लोराइड असल्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका जास्त. आता यात प्रमाण द्रावण टाकून पाहा. पहिला भाग ॲल्युमिनियम गिळते, ते भरले की पुढचा भाग पुरता मोकळा राहतो. म्हणजे रेषा सुरुवातीला वाकते आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यातल्या उताराने सरळ जाते. ज्याने तीन-चार मोठे भरणे घातले, त्याला ती सरळ रेषाच दिसते, आणि उत्तर पूर्वीइतकेच कमी येते. पद्धत बदलली, चूक तशीच राहिली. त्यावर उपाय म्हणजे सीडीटीएसारखा घट्ट धरणारा पदार्थ असलेला बफर, जो ॲल्युमिनियम स्वतःकडे ओढून फ्लोराइड सोडवतो. पण ही सुटका सावकाश होते, आणि फ्लो इंजेक्शनमध्ये नमुना नळीत काही सेकंदच असतो. म्हणजे ज्या घाईचे आपण कौतुक करतो तीच इथे घात करते. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. तो मान्य करून कामाला लागायचे आहे. नळी लांब करावी, प्रवाह मध्येच थांबवावा, किंवा बफर आधीच बाटलीत मिसळून ठेवावा. आणि या सगळ्याआधी एक गोष्ट करावी: तोच नमुना दोन वेगवेगळ्या वेगांनी, दोन वेगवेगळ्या पातळपणांवर मोजावा. उत्तरे जुळली नाहीत, तर पाण्यात काहीतरी फ्लोराइडला धरून बसले आहे.

पोलंडमधल्या क्रॅकोच्या यागेलोनियन विद्यापीठातले पावेल कोशेल्न्याक यांनी याच विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. एका नमुन्याचे एकच उत्तर काढून थांबायचे नाही. साध्या रेषेवरून एक, भरणा घालून दुसरे, नमुना पातळ करून पुन्हा दोन्ही, अशी अनेक उत्तरे काढायची आणि ती एकमेकांशी ताडून पाहायची. हाताने हे करायचे तर दिवस जाईल. प्रवाही मांडणीत व्हॉल्व्हच्या काही फेऱ्यांत ते होते. माझ्या मते फ्लो इंजेक्शनच्या कॅलिब्रेशनमधली ही सर्वांत मोलाची कल्पना आहे, कारण तिने उत्तरांतल्या मतभेदाला माहितीचा दर्जा दिला. प्रयोगशाळेत उत्तरे जुळली नाहीत की त्यातले एक खोडून टाकण्याची सवय असते. जुळले नाही म्हणजे नमुना काही सांगतो आहे, हे मानायला ही पद्धत भाग पाडते.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवतो. स्टँडर्ड ॲडिशनने उताराची चूक सुधारते, पण सगळ्या वाचनांत सारखाच मिसळलेला परका रंग किंवा गढूळपणा तिला कळत नाही. पावसाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात तो असतोच. यावरचा उपाय म्हणजे नमुना वाहू द्यायचा आणि रीएजंट सोडायचा. मग पायाची रेषा हीच नमुन्याच्या स्वतःच्या रंगाची नोंद होते. काळ्या चुनखडीयुक्त मातीतला फॉस्फरस मोजताना वेगळीच गंमत होते. ओल्सेन पद्धतीत माती ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये हलवतात. तो अर्क साध्या पाण्याच्या वाहकात सोडला तर दोन द्रवांच्या अपवर्तनांकातल्या फरकामुळे फॉस्फरस नसतानाही खोटे टोक उमटते, आणि आम्ल मिळताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नळीत धावू लागतात. स्केग्जनी हौसेने घातलेले बुडबुडे इथे नको असताना येतात. वाहकही बायकार्बोनेटचाच ठेवावा, प्रमाण द्रावणेही त्यातच करावीत, आणि आम्ल आधी मिसळून वायू जाऊ द्यावा. मृदा आरोग्य पत्रिकेवरचा फॉस्फरसचा आकडा अशा बारीक काळजीवर उभा असतो.

व्यवहारी आक्षेप दोन येतात. पहिला, की आयन क्रोमॅटोग्राफी आणि आयसीपी-एमएसच्या काळात हे जुने प्रकरण कशाला? आयसीपी-एमएस फ्लोराइडच्या कामाला फारसे येत नाही, कारण फ्लोरिनची आयनीकरण ऊर्जा १७.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि आर्गॉनची १५.८, त्यामुळे आर्गॉनच्या प्लाझ्मात फ्लोरिनचे आयन जेमतेमच बनतात. आयन क्रोमॅटोग्राफी उत्तम आहे, पण तिलाही रेषा लागते, आणि तीही डिस्टिल्ड पाण्यात आखलेली असते. यंत्र बदलल्याने प्रश्न बदलत नाही. दुसरा आक्षेप हवामानाचा आणि विजेचा, आणि तो जास्त गंभीर आहे. फ्लोराइड इलेक्ट्रोडचा सैद्धांतिक उतार २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट आहे, ४० अंशांना ६२.१. नांदेडच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत सकाळची रेषा दुपारी तीच राहत नाही. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे तीव्रतेत सुमारे ४ टक्के, १.५ च्या सीमेवर ती ०.०६ मिलिग्रॅम होते. पंपाच्या नळ्याही उन्हाने आणि वापराने सैल पडतात, प्रवाह बदलतो, वीज गेली की वेळेचे सारे गणित पुन्हा मांडावे लागते. हे सगळे खरे. पण फ्लास्कांच्या पद्धतीत सकाळी आखलेली रेषा संध्याकाळपर्यंत वापरली जाते आणि बिघाड दिसतच नाही. प्रवाही पद्धतीत दर दहा नमुन्यांमागे एक प्रमाण द्रावण सोडायला मिनिटभर लागते, आणि टोकाची उंची सरकू लागली की ती डोळ्यांसमोर सरकते. लातूरच्या पाण्यातले नायट्रेट मोजताना वापरायचा कॅडमियमचा स्तंभ थकत जातो, तेही अशाच वारंवार तपासणीत पकडले जाते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलतीचा दुसरा आकडाच नाही, म्हणून तिथे ही दक्षता आणखी हवी.

नांदेडच्या यशवंत महाविद्यालयात, लातूरच्या राजर्षी शाहू किंवा दयानंद विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या वाचकाला पुढील प्रकरणांतले प्रयोग करण्यासाठी पेरिस्टाल्टिक पंप, एक व्हॉल्व्ह, काही मीटर नळी आणि विभागातला जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरेल. त्याच्याकडे माझी मागणी एकच आहे. एक बाटली लातूरच्या बेसाल्टातली घ्या, एक देगलूरच्या ग्रॅनाइटातली घ्या, दोन्हींत उतार काढा, आणि अहवालात फ्लोराइडच्या आकड्याशेजारी नमुन्याच्या पाण्यातला उतार व डिस्टिल्ड पाण्यातला उतार, दोन्ही छापा.